सही अडवून बसलेल्या पद्माक्का

पद्माक्का मगदूम यांच्यापुढे कुठलीही फाईल ठेवली की त्या ती मागच्या बाजूने उघडायच्या. आधी परिशिष्टं, मग नकाशे, मग बारीक टायपातल्या अटी, आणि सगळ्यात शेवटी ते पहिलं गुळगुळीत पान, ज्यावर दोन्ही बाजूंच्या मैत्रीबद्दल चार गोड वाक्यं असतात. "पुढची पानं सायबांनी लिवल्याली असत्यात, मागची वकिलांनी," असं त्या म्हणायच्या. मी त्यांच्या हाताखाली कितीतरी वर्षं काढली. अजूनही घरी लग्नपत्रिका आली तरी माझा हात आधी मागच्या पानाकडे जातो, आणि त्यावर बायको जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आमची कंपनी साखर कारखान्यांची यंत्रं बनवते. ऑफिस सांगलीत, वर्कशॉप पलूसला. मी मूळचा मेढ्याचा. आमच्या जावळीत भात नि नाचणी. उसाचे मळे बघायचे तर डोंगर उतरून खाली यावं लागतं. म्हणून अक्का मला पहिल्या दिवसापासून 'डोंगऱ्या' म्हणत. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याची गचांडी धरली असती. अक्कांनी म्हटलं की बढती मिळाल्यासारखं वाटायचं.

त्या कंपनीच्या प्रकल्पप्रमुख होत्या. सांगलीच्या हळदवाल्या जैन घरातल्या, शिकून इंजिनियर झालेल्या. उंची बेताची, अंगावर सुती साडी, पायात कापडी बूट, आणि बघणं असं की समोरच्याला आपण घरून काहीतरी विसरून आलोय असं वाटावं. इंग्रजी फाडफाड बोलायच्या, पण आमच्याशी बोलताना अस्सल सांगली बाजारातली भाषा. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं हे विचारायची आमच्यात कुणाची छाती नव्हती, त्यामुळे मला ते ठाऊक नाही. भीती आम्हाला मालकांची वाटायची. अक्कांचं दडपण यायचं. या दोन्हींतला फरक ज्याने असा वरिष्ठ पाहिलाय त्यालाच कळेल.

तर ती ऑर्डर. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा एक देश. नाव सांगत नाही, करारात गुप्ततेचं कलम आहे. जमिनीखाली तेलच तेल, पण चहात टाकायची साखर बाहेरून आणायची, अशी त्यांची गत. त्यांना साखर कारखाना हवा होता, तोही असा अगडबंब की आमच्या ड्रॉइंगवाल्यांना कागद पुरेना. पैसा देणार होती तिसऱ्याच एका देशातली मोठी बँक. आमचे मालक दादासाहेब यांनी अख्ख्या ऑफिसला पेढे वाटले. एवढी मोठी ऑर्डर कंपनीला कधी मिळाली नव्हती, आणि ती आणली होती अक्कांनी. पुढच्या वर्षी त्यांना डायरेक्टर करणार हे शिपायापर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं.

पेढा तोंडात असतानाच मी त्यांना विचारलं, "अक्का, एवढं कर्ज ते लोक फेडणार कसं?"

"हरिपूरची पेवं बघितल्यास का कवा?"

मी नव्हती बघितली. सांगलीच्या शेजारी हरिपूर आहे. तिथे जमिनीत खोल खड्डे घेऊन त्यात हळद भरायची आणि तोंड लिंपून टाकायचं, त्याला पेव म्हणतात. माल खाली तसाच राहतो आणि वर नुसती पावती या हातातून त्या हातात जाते. अक्कांचे वडील पेवांवरच व्यापार करायचे.

"तेल म्हंजे त्या देशाचं पेव," अक्का म्हणाल्या. "ब्यांक म्हणती, आमी पैसं देतो, तुमी पेवातनं दर म्हैन्याला तेलाचं जहाज पाठवा. पर पैसं त्यांच्या हातात न्हाई देत. यंत्राचं पैसं परस्पर आपल्याला देती. मग त्यांच्या हाताला काय लागलं? कारखाना. चालला तर कारखाना, न्हाई चालला तर लोखंड. तेल दोन्हीकडनं जाणार."

"आणि तेलाचा भाव पडला तर?"

"हळद पडली की तेवढ्याच पैशाला जास्त पोती घालायला लागत्यात का न्हाई? तसंच." आणि त्यांनी उरलेला अर्धा पेढा कागदात गुंडाळून ठेवला. पुढे मी या तेलावरच्या कर्जांबद्दल बरंच काही वाचलं, पण याहून जास्त काही माझ्या डोक्यात शिरलेलं नाही.

वाटाघाटींसाठी आम्ही त्या देशाच्या राजधानीत गेलो. समुद्राकाठी हॉटेल, त्यात आठवडाभर बैठका. तिथे अक्कांची खरी ताकद मी पहिल्यांदा पाहिली, आणि ती ताकद जेवणाच्या वेळेत होती. अक्का दिवस मावळला की अन्नपाणी घेत नसत. घरची रीत. पण त्यांनी त्या रीतीला एक शेपूट जोडलं होतं: दिवस मावळल्यावर कागदालाही हात लावायचा नाही. बँकेच्या लोकांची पद्धत बरोबर उलटी. दिवसभर हसायचं, चहा पाजायचा, आणि खरी खुबीची कलमं रात्रीच्या जेवणात, ग्लास भरता भरता पुढे सरकवायची. अक्का पाच वाजता पिशवी उचलायच्या, खोलीत छोट्या कुकरमध्ये भात-मूग शिजवायच्या, मेतकूट घालून खायच्या आणि संपलं. मलाही त्यांच्याबरोबर पाचलाच जेवायला लागायचं. नऊच्या सुमाराला माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले की आधार फक्त त्यांच्या डब्यातल्या भडंगाचा, तोही बिनलसणाचा. बिनलसणाचं भडंग म्हणजे काय शिक्षा असते ते सांगलीकराला विचारा.

त्यात त्या देशाचं मुख्य खाणं म्हणजे कसावा नावाचा कंद. अक्कांना कंदमूळ चालत नाही. यजमान रोज नव्या उत्साहाने कसाव्याचा नवा पदार्थ आणायचे आणि अक्का रोज तेवढ्याच अगत्याने हात जोडायच्या.

एके दिवशी बँकेचा मुख्य साहेब हसत म्हणाला, "हे शेवटचं कलम आपण रात्री जेवताना बघू."

अक्का म्हणाल्या, "रात्री मी झोपलेली असेन. कलम दुपारच्या जेवणाला येऊ दे."

आलं बिचारं. भर दुपारी, पडदे उघडे, टेबलावर सगळ्यांसमोर. त्यात म्हटलं होतं की कारखाना सुरू होवो न होवो, ठरलेल्या महिन्यापासून तेलाची जहाजं निघाली पाहिजेत. त्या देशाच्या कृषी खात्याचा एक अधिकारी आमच्या समोर बसला होता, दोमिंगो नावाचा. उंच, सावकाश बोलणारा, पन्नाशीचा. त्याने ते कलम वाचलं, पुन्हा वाचलं आणि कागद खाली ठेवून खिडकीबाहेर बघत बसला. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. अक्का मात्र त्याच्या तोंडाकडेच बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोमिंगोला गाठलं. "मला जागा दाखवा," म्हणाल्या.

दिवसभराचा रस्ता होता. लाल माती, मधून एक रुंद, संथ नदी. जागेवर एक भला मोठा फलक लावलेला, त्यावर आमच्याच ड्रॉइंगवरून रंगवलेला कारखाना आणि त्याच्याभोवती हिरवागार ऊस. अक्का जीपमधून उतरल्या, फलकाला वळसा घालून मागे गेल्या. मी मागोमाग. मागे कमरेएवढं गवत. वाऱ्यावर डोलतंय आपलं.

"ऊस कुठाय?" त्यांनी आधी मला विचारलं आणि मग इंग्रजीत दोमिंगोला.

दोमिंगोने आम्हाला एका रोपवाटिकेत नेलं. आमच्या पलूसला परसात याहून जास्त ऊस असतो, आणि त्यातलाही निम्मा किडीने खाल्लेला. तो म्हणाला, "कर्जात यंत्रं येतात. पाट येत नाहीत, बेणं येत नाही, लागण येत नाही. ते आम्ही आमच्या पैशाने करायचं आणि आमच्याकडे पैसा नाही." मग जरा थांबून म्हणाला, "या खोऱ्यातल्या लोकांनी कसाव्याची शेतं कारखान्याला दिलीत. माझ्या आईचं गाव यातच आहे. उसाचं काम मिळेल म्हणून सांगितलंय त्यांना, मीच सांगितलंय. आजपर्यंत ऊस कुठे आहे हे कुणी विचारलं नाही, बाई. बँकेला तेल मिळणार, तुम्हाला पैसे मिळणार, मंत्र्यांना उद्घाटन मिळणार. विचारणार कोण?"

अक्का तिथेच एका दगडावर बसल्या. मला वाटलं, ऊन लागलं.

"डोंगऱ्या," त्या म्हणाल्या, "ही चूक आपली हाय. आपल्याकडं ऊस आधीपास्नं उभा असतोय, तोड कवा मिळती म्हणून वाट बघत. कारखाना मागनं येतोय. म्हणून आपल्या ध्यानातच आलं न्हाई की जगात उसाशिवाय बी कारखाना निघू शकतोय. लाज हाय आपली."

खरंच होतं. साखरेच्या मुलखातली माणसं आम्ही. मोळ्या टाकायच्या गव्हाणीपासून धुराड्यापर्यंत सगळं मोजलं, आणि ऊस गृहीत धरला. दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या इंजिनियरने पहिल्याच दिवशी विचारलं असतं.

आता अडचण अशी की पुढचा कागद अक्कांच्याच सहीचा होता. 'जागा आणि कच्चा माल तयार आहे' असा दाखला कंपनीने बँकेला द्यायचा, मग बँक यंत्रांचे पैसे सोडणार. करारात प्रकल्पप्रमुख म्हणून पद्माक्कांचं नाव छापलेलं. त्यांची सही नाही तर पैसे नाहीत. पैसे नाहीत तर पलूसच्या वर्कशॉपला काम नाही.

सांगलीला परतल्यावर दादासाहेबांच्या केबिनमध्ये जे झालं त्याला मी फाईल धरून हजर होतो. दादासाहेब वाईट माणूस नाही, हे मी आजही सांगेन. धंदा करणारा माणूस आहे.

"अक्का, नुसता एक कागद आहे हो. सगळे देतात."

"मग तुमी द्या."

"करारात नाव तुमचं आहे."

"म्हणूनच म्हणती."

"ऊस लावायचं काम त्यांचं. आपण यंत्रं विकतो. तवा विकणारा गिऱ्हाइकाला विचारतो का, घरी पीठ आहे का म्हणून?"

"तव्याचं पैसं गिऱ्हाईक देत असंल तर न्हाई विचारत. हितं ते त्याच्या लेकरांच्या ताटातनं जाणार हायत, दादासायेब. आणि लेकरांना कुणी विचारल्यालं न्हाई."

मग अक्कांनी त्यांचं म्हणणं मांडलं. कारखाना निम्मा करायचा. कर्ज कमी घ्यायचं, आणि जे घ्यायचं त्यातला एक हिस्सा पाट आणि बेण्यासाठी मागून घ्यायचा. आधी लागण, मग यंत्रं. एक हंगाम उशीर. दादासाहेबांचा चेहरा लाल झाला. अशी ऑर्डर मिळावी म्हणून लोक आयुष्यभर वाट बघतात, आणि ही बाई आपल्याच हाताने ती निम्मी करायला निघालीय. ते एकदम खालच्या आवाजात म्हणाले, "डायरेक्टरची खुर्ची तुमच्यासाठी ठेवलीय, अक्का. विसरू नका."

"न्हाई विसरली," अक्का म्हणाल्या, आणि उठल्या.

त्यांना बदलून दुसरा प्रकल्पप्रमुख नेमायचा तर बँक कारण विचारणार. म्हणून दादासाहेबांनी थांबायचं ठरवलं. चार आठवड्यांत बाई वाकेल असा त्यांचा हिशोब. मलाही, खरं सांगतो, तसंच वाटत होतं. आणि पलूसला काम कमी झालं. आधी रात्रपाळी बंद, मग दुपारची.

यानंतर अक्कांनी जे केलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. त्या पलूसला गेल्या. वर्कशॉपमध्ये सगळे कामगार जमवले आणि लोखंडी प्लेटांच्या थप्पीवर उभ्या राहिल्या. "तुमचं काम मी थांबिवलंय," त्या म्हणाल्या. "दादासायबांनी न्हाई, ब्यांकेनं न्हाई. शिव्या घालायच्या तर मला घाला. का थांबिवलं ते सांगती."

त्यांनी पेवापासून गवतापर्यंत सगळं सांगितलं. मग तानाजी म्हणून आमचा जुना वेल्डर होता, तो पुढे आला. "आवं अक्का, पैसं ब्यांक देणार, तेल त्येंचं जाणार. आपलं काय जातंय?"

"तू जोडलेल्या बॉयलरवर उद्या झाडं उगवल्याली चालतील तुला?"

तानाजी घुटमळला. त्याच्या हातची जोडणी बघायला लांबून माणसं यायची, आणि त्याला त्याची घमेंडही होती. "चालायची न्हाईत," तो म्हणाला. "पर घरी काय सांगू?"

"घरी मी येती सांगायला."

मला वाटलं, बोलायची पद्धत. कसलं काय. त्या खरंच गेल्या. त्याच्याकडे आणि मग ज्यांची ज्यांची पाळी बंद झाली होती त्या सगळ्यांकडे, एकेक घर. मी मोटारसायकल चालवायचो, त्या मागे बसायच्या. दारात जाऊन सांगायच्या, "तुमच्या घरधन्याचा पगार माझ्यामुळं कमी आलाय." कुणी पाणी दिलं, कुणी दिलं नाही. एका बाईने तोंडावर दार लावून घेतलं. अक्का पायरीवर बसून राहिल्या. मी म्हटलं, चला. त्या म्हणाल्या, "तिचं खरं हाय. बसू दे मला जरा." अर्ध्या तासाने दार उघडलं. आत त्या दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, पण बाहेर आल्यावर अक्कांनी पदराने तोंड पुसलं आणि मी मोटारसायकल सुरू करण्यात उगाच वेळ लावला.

त्याच आठवड्यात त्या आसपासच्या साखर कारखान्यांत फिरल्या आणि ऑफ सीझनच्या दुरुस्तीची कामं गोळा करून आणली. फार मोठी नव्हती, पण दुपारची पाळी पुन्हा सुरू झाली. दादासाहेबांकडे तक्रार घेऊन एकही कामगार गेला नाही. यामुळे ते जास्तच बेचैन झाले असावेत.

गाठ सुटली ती तिकडून. अक्कांनी निम्म्या कारखान्याचं म्हणणं दोमिंगोलाही कळवलं होतं. दोमिंगोने आपल्या मंत्र्यांपुढे जाऊन एवढंच सांगितलं की यंत्रं विकणारी बाईच म्हणते, ऊस नाही तोवर यंत्रं घेऊ नका. विकणारा स्वतःहून माल परत ओढतोय असं त्या लोकांनी कधी पाहिलं नव्हतं. मंत्री घाबरले की शहाणे झाले, देव जाणे. त्यांनीच बँकेला कळवलं की कारखाना निम्मा करा. बँक कुरकुरली, पण तिला तिचं तेल मिळणारच होतं. दादासाहेबांनी नव्या कागदावर तोंड फिरवून सही केली.

अक्का लागणीचा अख्खा हंगाम त्या खोऱ्यात जाऊन राहिल्या. पत्र्याच्या खोलीत. स्वतः व्यापाऱ्याच्या घरातल्या, उसातलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि ते त्या उघड सांगायच्या. म्हणून पलूसचे दोन जाणते ऊसकरी बरोबर नेले. बेणं शेजारच्या देशातल्या एका जुन्या मळ्यातून आणलं. मी मधे एकदा जाऊन आलो तर अक्का रापून काळ्या झालेल्या, आणि पाटाच्या कडेने कापडी बुटांत चिखल तुडवत चाललेल्या.

तिथली एक गोष्ट दोमिंगोने मला सांगितली. खोऱ्यातल्या बायकांना आधी अक्का फार गर्विष्ठ वाटल्या, आमचं अन्न शिवत नाही म्हणून. मग एका म्हाताऱ्या बाईच्या लक्षात आलं की ही जमिनीखालचं खात नाही, जमिनीवरचं खाते. तिने कसाव्याचा पाला तासन् तास उकळून, शेंगदाण्याचा कूट घालून, मासळी न घालता भाजी केली आणि दिवस मावळायच्या आत घेऊन आली. अक्कांनी ती ताटली पुसून खाल्ली. ती म्हातारी दोमिंगोची आई होती. त्या दिवसापासून गावातल्या बायका त्यांना अक्काच म्हणायला लागल्या, आणि त्यांच्या तोंडून तो शब्द मी स्वतः ऐकला.

ऊस आला. यंत्रं गेली. उभारणी चालू असतानाच तेलाचा भाव कोसळला. तसल्याच कर्जावर त्या देशात कायकाय निघालं होतं: काचेचा कारखाना, स्टेडियम, कसलीशी गिरणी. जहाजं पुरेनात, बँकेने हात आखडता घेतला, आणि सगळं होतं तिथे थांबलं. विमानतळावरून जाताना ते सांगाडे दिसायचे. आमचा निम्मा कारखाना तेवढा पुरा झाला, कारण त्याला पैसाच कमी लागला होता. पहिल्या गाळपाला तानाजी गेला होता. परत येऊन दोन दिवस फक्त बॉयलरबद्दल बोलत होता.

खुर्ची अक्कांना मिळाली नाही. दादासाहेबांच्या पुतण्याला मिळाली. अक्कांनी शेवटचे कागद पुरे केले, राजीनामा दिला, ड्रॉवर रिकामा केला आणि निघाल्या. मी संतापून काहीबाही बोलायला लागलो तर म्हणाल्या, "खुर्ची त्यांची हाय, कुणाला द्यायची ते त्यांनी बघावं. सही माझी हुती." मी जिन्यात उभा राहून रडलो. मला त्याची लाज वाटत नाही.

मग बरेच दिवस त्यांचा पत्ता नव्हता. कुणी म्हणालं, हरिपूरला असतात. कुणी म्हणालं, बाहेर गेल्या.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा त्या देशात गेलो. तो कारखाना दुप्पट करायचा प्रस्ताव घेऊन, पुन्हा तेलावरच्या कर्जाने. दादासाहेब स्वतः आले होते, पुतण्या होता, बाकी सगळे. या खेपेला मी आधीच जाऊन संबंध खोरं पायाखालून घातलं होतं. नवी लागण, नवे पाट, सगळं. बैठकीच्या खोलीत आम्ही एका बाजूला बसलो. दार उघडलं. दोमिंगो आत आला, आता खात्याचा मोठा साहेब झालेला. आणि त्याच्या मागून अक्का. केस सगळे पांढरे. त्या टेबलाच्या पलीकडे, त्यांच्या बाजूला जाऊन बसल्या.

"या आमच्या सल्लागार," दोमिंगो म्हणाला.

दादासाहेब आपोआप उभे राहिले होते. अक्कांनी सगळ्यांना एकत्रच नमस्कार केला. माझ्याकडे वेगळं असं बघितलंही नाही. मी माझा अहवाल वाचला, कुठल्या गावात किती ऊस, कुठे पाट पोचला, कुठे नाही. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्यांनी दोमिंगोला विचारलं, "जीप आहे का बाहेर?"

"अक्का," दादासाहेब म्हणाले, "हा सगळं फिरून आलाय. तुमच्याच हाताखाली तयार झालेला माणूस आहे."

मी टोपी उचलून उठलोच होतो. "चला अक्का, मी दाखवतो."

तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पूर्वीसारखं. "तू नगंस, डोंगऱ्या," त्या म्हणाल्या. "तू आलास तर तू दावशील तेवढंच मला दिसंल. माझं मला बघू दे."

मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. ऊर भरून आला. असं माणूस आपल्याला लाभलं, आपल्याशी इतकी वर्षं बोललं, हेच मला पेलेना.

खिडकीतून खाली बघितलं. अक्का ड्रायव्हरच्या शेजारी चढून बसल्या, पदर खोचला, आणि जीप निघाली. कधी माझ्या शेजारी दादासाहेब येऊन उभे राहिले कळलं नाही.

"ऊस आहे ना रे खरंच?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "सगळा बघितलाय मी." आणि जीप वळणाआड गेली तसा मी टेबलावरचा माझाच अहवाल मागच्या पानापासून पुन्हा वाचायला घेतला.